मागचं इंजिन

आता माझं तोंड बंद कसं करायचं ही माझ्या घरच्यांची काळजी आहे. मुलगा म्हणतो, "आई, मधे श्वास तरी घे." सून बिचारी काही बोलत नाही, सरळ मिक्सर लावते. अहो, उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला, तोंड मिटून कोणी शिकवतं का? पण हेच तोंड उघडावं कसं, या विवंचनेत एके काळी शहापुरातली आमची अख्खी आळी पडली होती. आणि ज्यानं ते उघडलं त्या माणसाबद्दल सांगायला बसले की मला आधी हसूच येतं. तेव्हा पहिलं थोडं सांभाळून घ्या.

तो आमचा घरमालक. त्याला कोणी अहोजाहो केलं तर तो मागं वळून बघायचा, आपल्यामागं कोणी साहेब उभा आहे की काय म्हणून. त्यामुळं मीही करत नाही. आम्ही मूळचे मुरबाडकडचे, धसईचे. वडील शहापुरात लाकडाच्या वखारीत कारकून होते, म्हणून त्याच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मागच्या खोल्यांत तो आणि त्याची बायको, आमची काकी, दोघंच. रेल्वेतून निवृत्त झालेला इंजिनाचा ड्रायव्हर. मोठी माणसं त्याला नुसतं ड्रायवर म्हणत, आम्ही पोरं ड्रायवरबाबा.

पण ड्रायव्हर कसला? तर मागच्या इंजिनाचा. कसारा सोडलं की थळघाट सुरू होतो, आणि तिथला चढ असा की पुढच्या इंजिनाला एकट्यानं गाडी ओढवत नाही. मग कसाऱ्याला गाडीच्या शेपटाशी आणखी एक इंजिन लावतात, ते मागून ढकलतं. त्याला बँकर म्हणतात. इगतपुरीला घाट संपला की बँकर सुटतो आणि रिकामाच खाली येतो, पुढची गाडी ढकलायला. या माणसानं जन्मभर हेच केलं. एवढी माणसं नाशिकला धाडली आणि स्वतः नाशिक कधी पाहिलं नाही.

"आता पास हाय, टाइम हाय, जा की एकदा," लोक म्हणायचे.

"इगतपुरीच्या पुढं सपाट हाय," तो म्हणायचा. "तिथं माजं काय काम?"

निवृत्त झाला, घाटात विजेची इंजिनं आली, कोळसा गेला. पण ढकलण्याची सवय काही जाईना. तो कधी कोणाच्या पुढं चालला नाही. तुम्ही रस्त्यानं जरा चढाला लागलात की पाठीवर पंजा आलाच म्हणून समजा. वळून बघाल तर हा गंभीर चेहऱ्यानं ढकलतोय. भाताच्या पोत्यांची बैलगाडी असो, देवळाच्या पायऱ्या चढणारी म्हातारी असो, त्याला सगळं सारखंच. काकी देवळात जायला निघाली की तिलाही ढकलत न्यायचा. ती म्हणायची, "याच्या संसारात मला एकदा पण हा कुठं गेला म्हणून बघायला लागलं नाय. कायम मागंच. मेला रागावून पुढं तरी निघून जाईल, तर ते बी नाय!"

एकदा आळीत लग्न होतं. नवरदेव मुरबाडचा, भारी लाजाळू. अंतरपाटासमोर यायला पाय उचलेना. भटजी खोळंबले, मामा खुणा करून थकले. आमच्या ड्रायवरबाबाला कोणाचं काही अडलेलं बघवायचं कुठलं? तो मागून गेला आणि दोन्ही हात लावून त्यानं असा रेटा दिला की नवरदेव मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच अंतरपाटासकट पलीकडं! नवरीच्या कपाळावर त्याचं कपाळ टण्णकन आपटलं. एकच गोंधळ. भटजी म्हणे मुहूर्त चुकला, वरपक्ष म्हणे अपमान झाला. नवरी मात्र मुंडावळ्यांआड इतकी खुदुखुदु हसत होती की शेवटी सगळेच हसायला लागले. त्याला विचारलं, अरे बाबा, असं का केलंस? तर म्हणतो, "लगीन म्हंजे चढच ना! म्या म्हटलं, पोरगा घसरतोय."

आता माझ्या तोंडाकडं वळते. मी सहा वर्षांची असताना माझी एक दाढ किडली. आईनं लवंग ठेवून पाहिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. मग कोणीतरी एका जाणत्याला घेऊन आलं, त्यानं न सांगता न सवरता तोंडात बोट घातलं आणि दाढ हलवली. मी त्याला कडकडून चावले. तो ओरडत गेला तो पुन्हा आमच्या आळीत दिसला नाही. पण त्या दिवसापासून मी तोंडच मिटलं. पेज प्यायची तीसुद्धा ओठांच्या फटीतून. आईनं गोंजारलं, वडिलांनी डोळे वटारले, काकीनं गुळाचा खडा दाखवला. मी नाकानं "हुं हुं" करायची, बस्स. तेवढ्यात गाल सुजला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाहेरूनच बघून सांगितलं, "आत पू धरतोय. कल्याणला दातांचे डॉक्टर आहेत, येत्या रविवारी घेऊन जा. आणखी थांबाल तर जबड्याच्या हाडापर्यंत जाईल. पण ही तोंड उघडणार नसेल तर तेही काय करतील?"

आई दारात बसून रडायला लागली. ड्रायवरबाबा मागच्या पडवीतून आला. आला तोही आईच्या पाठीमागूनच.

"रडू नको गो," तो म्हणाला. "पोरगी चढाला लागली हाय, येवढंच. तुमी सगळी पुढून वढताय. पुढून वढलं की गाडी भितेय. बँकर लावू."

त्या दिवसापासून आमच्या ओटीवर घाटाची तालीम सुरू झाली. त्याची योजना अशी. दातांचा डॉक्टर म्हणजे पुढचं इंजिन. मी म्हणजे गाडी. तो स्वतः अर्थातच बँकर. आणि माझा जबडा म्हणजे सिग्नलचा हात. आमच्याकडं सिग्नलचा हात खाली आला की लोक म्हणत, सिग्नल पडला, आता गाडी येणार. तसा माझा जबडा खाली पडला की रस्ता मोकळा. घाटात पुढचा ड्रायव्हर दोन शिट्ट्या देऊन विचारतो, तयार का? मागचा दोन शिट्ट्या देऊन सांगतो, तयार. मग पुढचा एक लांब शिट्टी देतो आणि दोघं एकदम जोर लावतात. "तसंच करायचं," तो मला म्हणाला. "शिट्टीला शिट्टी मिळाल्याबिगर सिग्नल पाडायचा नाय. समोर डॉक्टर असू दे नायतर कलेक्टर. कोण तुज्या तोंडात न सांगता घुसेल तर मी बगतो!"

मला हे जाम आवडलं. न सांगता कोणी घुसणार नाही, म्हणजे सगळा कारभार माझ्या हातात!

पण पुढचं इंजिन कोणी व्हायचं? तो तर पुढं उभा राहायला तयार नाही. मग वडिलांना धरलं. माझे वडील म्हणजे इतका हळू बोलणारा माणूस की वखारीचा शेठ त्यांना दरवेळी "काय?" विचारायचा. ते संध्याकाळी दमून यायचे आणि ओटीवर आरामखुर्चीसमोर सांडशी घेऊन उभे राहायचे. खुर्चीत मी. खुर्चीमागं ड्रायवरबाबा. भिंतीला टेकून आई आणि काकी. वडील ओठांचा चंबू करून "कू, कू" असं काहीतरी पुटपुटायचे.

"ह्या शिट्टीवर बकरी बी वर चढायची नाय," मागून आवाज यायचा. "मास्तर, छातीतून काढा!" वखारीतल्या कारकुनाला तो मास्तर का म्हणायचा, देव जाणे.

आणि एक दिवस माझ्या वडिलांच्या छातीतून खरोखरच शिट्टी निघाली. "कूऽऽ! कूऽऽ!" गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. मागून ड्रायवरबाबाचं उत्तर आलं, "कूऽऽ! कूऽऽ!" आणि इतके दिवस मिटलेलं माझं तोंड फटकन उघडलं. आईनं आत डोकावून पाहिलं आणि दाढ बघून तिचाच चेहरा पांढरा पडला, पण ती हसत होती. काकीनं तर माझी दृष्टच काढली. मग काय, तो नादच लागला. आळीतल्या कोणीही शिट्टी घातली की ड्रायवरबाबा जिथं असेल तिथून उत्तर द्यायचा, आणि मी असेन तिथं तोंड वासून उभी.

रविवारी आम्ही तिघं निघालो, वडील, मी आणि तो. आई माझ्या तान्ह्या भावापाशी राहिली. आसनगाव स्टेशनापर्यंत बैलगाडी केली होती. ड्रायवरबाबा तिच्यात बसला असेल असं वाटतं का तुम्हाला? निळा डगला घालून, पितळी बटणं चिंचेनं घासून, तो गाडीमागून चालत होता आणि जरा चढ आला की फळीला पंजा लावत होता. गाडीवान म्हणाला, "ड्रायवर, बैलांची आब्रू घालवू नका हो." स्टेशनात समोरून मालगाडी आली आणि तिनं दोन शिट्ट्या दिल्या. ड्रायवरबाबानं उत्तर दिलं. मी तोंड उघडलं. फलाटावरची माणसं बघतच राहिली. वडील जरा लांब जाऊन आमची ओळख नसल्यासारखे उभे राहिले.

कल्याणला डॉक्टरांचा दवाखाना माडीवर होता. लाकडी जिना, चांगला उभा. जिना दिसला तसा ड्रायवरबाबाचा चेहरा खुलला. माझा गाल ठणकत होता, वरून औषधाचा उग्र वास येत होता आणि आतून कोणीतरी कण्हत होतं. मी कठडा धरून तिथंच थांबले. पण पाठीवर तो ओळखीचा रुंद पंजा आला. "चल गो, घाट लागला," तो म्हणाला, आणि मी वर चढले. म्हणजे चढवली गेले.

माडीच्या दारापाशी आल्यावर पंजा सुटला. मी वळून पाहिलं. तो एक पायरी खाली उतरला होता.

"ही इगतपुरी," तो म्हणाला. "माजी हद्द इथवर. मी खाली हाय."

"तू नाय येत आत?" मी विचारलं.

"बँकर पुढं जात नाय गो. पुढं सपाट हाय." आणि तो खरंच खाली निघून गेला. मला त्या क्षणी त्याचा असा राग आला होता, की त्याचं बोट जरी हाताशी असतं तर तेही चावले असते.

आत डॉक्टर होते. टक्कल, काळा कोट, घड्याळाची सोन्याची साखळी, आणि आवाज असा की माणसानं उगीचच चुकल्यासारखं उभं राहावं. मला उंच खुर्चीत बसवलं. "आ कर, बाळ," ते म्हणाले.

मी तोंड मिटून बसले. शिट्टी कुठाय?

"आ कर."

नाही.

"अहो, बाहेर माणसं खोळंबलीत," ते वडिलांना म्हणाले. "मुलाला आणण्यापूर्वी घरी थोडी तयारी करून घ्यायची असते."

"तयारी जास्तच झालीय, डॉक्टरसाहेब," वडील म्हणाले. मग घाम पुसत, शब्द गिळत, त्यांनी सगळं सांगितलं. पुढचं इंजिन, मागचं इंजिन, सिग्नल. डॉक्टर ऐकत राहिले. वडिलांनी स्वतः शिट्टी घालून पाहिली, पण मला ती चालेना. चिमटा ज्याच्या हातात, पुढचं इंजिन तोच. नियम म्हणजे नियम.

डॉक्टरांनी एकदा माझ्या सुजलेल्या गालाकडं पाहिलं. एकदा दाराकडं पाहिलं, तिथं एक जरीच्या लुगड्यातल्या बाई आपला ठणका विसरून डोकावत होत्या. मग त्यांनी कोट सारखा केला, ओठांचा चंबू केला आणि अगदी भारदस्तपणे शिट्टी दिली. "कूऽऽ. कूऽऽ."

मी कान टवकारले. मागून उत्तर नाही. माझ्यामागं नुसती भिंत, आणि भिंतीवर दातांचं चित्र.

डॉक्टरांनी पुन्हा दिली, जरा जोरात. या खेपेला त्यांना गंमत वाटायला लागली होती असा मला दाट संशय आहे. "आता उत्तर कोणी द्यायचं?" त्यांनी विचारलं.

वडील खिडकीशी धावले. खाली रस्त्यापलीकडं चहाच्या दुकानाच्या बाकावर तो बशीतून चहा पीत बसला होता. "अहो ड्रायवर!" वडील ओरडले. वखारीतला शेठ तिथं असता तर त्यालाही स्वच्छ ऐकू गेलं असतं. "शिट्टी द्या! ती तोंड उघडत नाय!"

"नाय!" खालून आवाज आला. कल्याणच्या त्या रस्त्यावरची सगळी माणसं वर बघायला लागली. "इगतपुरीच्या पुढं बँकर नाय देत! तिला सांगा, हितपर्यंत मी ढकलली! पुढं तिची ती!"

"अहो, पण..."

"तिला येतंय! सांगा तिला! तिला येतंय म्हणावं!"

वडील वळले. मला सगळं ऐकूच आलं होतं. मी भ्याले होते. हा एवढा मोठा माणूस, एवढे दिवस मागं उभा राहिला, आणि आता चहा पितोय? पण तो "नाय" म्हणाला की नायच, हे मला ठाऊक होतं. डॉक्टर चिमटा पाठीमागं लपवून माझ्याकडं बघत होते. त्यांनी घाई केली नाही, हे त्यांचे उपकार. मी सुजलेल्या गालानं ओठ पुढं केले. शिट्टी कसली, हवाच निघाली. "फूऽऽ. फूऽऽ."

डॉक्टरांनी मान डोलावली, आणि मी सिग्नल पाडला.

सुई टोचली. मग डॉक्टरांनी एक लांब शिट्टी दिली, आतल्या आत काहीतरी करकरलं, एक कळ थेट मस्तकात गेली आणि दाढ चिमट्यात दिसली. वडील खुर्चीचा हात धरून मटकन खाली बसले. लुगड्यातल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी दाढ कागदाच्या पुडीत बांधून माझ्या मुठीत दिली आणि म्हणाले, "शाबास. पुढची गाडी!" बाई निमूट आत आल्या.

मी तोवर रडले नव्हते. जिन्याच्या तळाशी तो दिसला आणि मी भोकाड पसरलं.

"रड, रड," तो म्हणाला. "आता उतार हाय. कायपण कर."

आमच्याकडं रीत अशी की पडलेला दात घराच्या छपरावर टाकायचा, म्हणजे त्या जागी नवा येतो. आईनं निघताना बजावूनच पाठवलं होतं. संध्याकाळी आम्ही आसनगावला उतरलो. ज्या गाडीनं आलो ती पुढं नाशिकला जाणारी. ड्रायवरबाबानं माझ्याकडं पुडी मागितली. गाडी हलली तसा तो गाडीच्या पाठीला पंजा लावावा तसा दोन पावलं तिच्याबरोबर चालला, आणि वडील "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यानं माझी दाढ शेवटच्या डब्याच्या टपावर भिरकावली. टप्प असा आवाज आला.

"हे काय केलंत!"

"छपरावर टाकायचा ना? हे बी छप्परच हाय," तो म्हणाला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो बघत उभा राहिला. मग माझ्याकडं वाकून म्हणाला, "तुजा दात नाशिक बगून येईल गो."

आईनं घरी जो काही गोंधळ घातला! पोरीचा दात परमुलखाला घातला, आता जन्मभर बोळकी राहणार, हिला करणार कोण! गाल उतरला, ताप गेला, मी भाकरी खायला लागले, पण दाढेची जागा रिकामी ती रिकामीच. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. आई दिवाळीला ड्रायवरबाबाच्या ताटात करंजी वाढायची आणि वाढता वाढता म्हणायची, "अजून नाय आली हो." तो शांतपणे म्हणायचा, "येल. लांबचा पल्ला हाय." पुढं मी चौथीत असताना एका सकाळी जिभेला टोक लागलं. मी ओरडत मागच्या पडवीत गेले आणि तोंड वासलं. त्यानं चष्मा लावून आत पाहिलं आणि काकीला हाक मारली, "बग गो, आली! लेट हाय, पण आली. नाशिकवरून यायचं म्हंजे टाइम लागनारच!"

मी सातवीची फायनल पास झाले आणि शिक्षिकेच्या ट्रेनिंगला नाशिकला जायचं ठरलं. तोवर तो फार थकला होता. खाटेवरून उठायचा तो भिंतीला धरून. मी जाणार त्या दिवशी मात्र बैलगाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. जन्मात पहिल्यांदा आमच्या पुढं, कारण त्याला आता मागून चालवत नव्हतं. काकी त्याला हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती.

आसनगावला गाडी आली. मी डब्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि पाठीवर पंजा आला. आता त्यात जोर नव्हता, नुसता हात होता.

"बाबा, चल की माझ्याबरोबर," मी म्हटलं. "नाशिक दाखवते."

"येडी का काय!" तो म्हणाला. "पुढं सपाट हाय. तुजी तू जा."

कसाऱ्याला मागं बँकर लागला. सगळा घाटभर पाठीमागून त्याचा रेटा जाणवत होता आणि मी हुंदके देत होते, शेजारच्या बाई मला आल्याची वडी देत होत्या. इगतपुरीला गाडी थांबली. मागं खणखणाट झाला, इंजिन सुटलं. मी खिडकीतून वाकून पाहिलं, ते हळूहळू मागं सरकत होतं. पुढच्या इंजिनानं शिट्टी दिली. माझ्यानं राहवलं नाही. भर डब्यात मी ओठांचा चंबू केला आणि "कूऽऽ, कूऽऽ" करून स्वतःच उत्तर दिलं. वडी देणाऱ्या बाई जरा लांब सरकून बसल्या.

मग मी खिडकीबाहेर तोंड काढलं आणि होता तेवढा जबडा खाली पाडला. गार वारा थेट त्या नव्या दाढेवर लागला. गाडी सुटली. मागं कोणी नव्हतं, तरी ती छान पळत होती.